शेवटच्या घरापर्यंत फायबर: केंटकीतील दोन डोंगरी काउंट्यांचे उदाहरण

अमेरिकेच्या केंटकी राज्याच्या पूर्व भागातील जॅक्सन आणि आउझली या दोन शेजारी काउंट्यांमध्ये २०१४ पासून घरे, दुकाने, शाळा या सर्वांच्या दारापर्यंत ऑप्टिकल फायबरचे जाळे पोचलेले आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या अनेक मोठ्या शहरांच्या कित्येक वस्त्यांना ही सोय नव्हती. हे काम कोणा बड्या दूरसंचार कंपनीने केलेले नाही. १९५० साली स्थापन झालेल्या ‘पीपल्स रूरल टेलिफोन को-ऑपरेटिव्ह’ या स्थानिक सहकारी संस्थेने ते पूर्ण केले. अमेरिकेच्या ग्रामीण भागात ब्रॉडबँडची अवस्था काय आहे, ती तशी का झाली आणि ती सुधारायला काय लागते, हे समजून घ्यायला हे उदाहरण फार उपयोगी पडते.

डोंगर, घळी आणि विखुरलेली घरे

काउंटी हा अमेरिकी राज्यांचा प्रशासकीय विभाग. देशभरात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि एकट्या केंटकीत त्या १२० आहेत. काउंटीची तुलना बहुतेक वेळा आपल्या जिल्ह्याशी होते. पण केंटकीच्या काउंट्या लहान असल्याने आकाराने त्या तालुक्याच्या जवळ जातात. जॅक्सन काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ९०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे १३,०००. आउझली त्याहून लहान: सुमारे ५०० चौरस किलोमीटर आणि जेमतेम ४,००० माणसे. दोन्ही मिळून दर चौरस किलोमीटरला बारा-तेरा माणसे राहतात. महाराष्ट्रात सर्वांत विरळ वस्तीचा जिल्हा गडचिरोली. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली घनता ७४ होती. यावरून या काउंट्यांतली घरे किती विखुरलेली आहेत हे लक्षात येईल.

हा सगळा अ‍ॅपलाचिया पर्वतराजीचा प्रदेश. जॅक्सन काउंटीचा मोठा भाग डॅनियल बून राष्ट्रीय वनात मोडतो. डोंगरांमधल्या चिंचोळ्या घळींना तिथले लोक ‘हॉलर’ म्हणतात आणि बरीचशी घरे अशा घळींत एकेकटी उभी असतात. जॅक्सनचे मुख्यालय मॅकी हे हजाराच्या आत लोकसंख्येचे गाव. दोन्ही काउंट्यांतून एकही आंतरराज्य महामार्ग जात नाही.

तंबाखूची शेती, लाकूडतोड आणि आसपासच्या भागातला कोळसा यांवर इथला संसार चाले. तंबाखूच्या पिकाला १९३० च्या दशकापासून सरकारी कोट्याचे संरक्षण होते. २००४ च्या कायद्याने ते संपले आणि लहान शेतकऱ्यांचे हुकमी उत्पन्न गेले. कोळशाच्या खाणीही एकामागून एक बंद होत गेल्या. आउझली काउंटीची गणना कित्येक वर्षे देशातल्या सर्वांत गरीब काउंट्यांत होत आली आहे. बाजाराच्या हिशोबाने पाहिले, तर फायबर सर्वांत शेवटी जिथे पोचावे अशीच ही जागा होती.

ब्रॉडबँड म्हणजे किती वेग?

एखाद्या काउंटीत ब्रॉडबँड ‘आहे’ की ‘नाही’, हे ब्रॉडबँडची व्याख्या काय करतो यावर ठरते. अमेरिकेत ही व्याख्या ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ हा संघीय दूरसंचार आयोग करतो. १९९० च्या दशकाअखेर सेकंदाला २०० किलोबिट एवढा वेगही प्रगत मानला जात होता. २०१० मध्ये माहिती उतरवून घेण्यासाठी ४ मेगाबिट आणि पाठवण्यासाठी १ मेगाबिट, अशी किमान मर्यादा ठरली. २०१५ मध्ये ती २५ आणि ३ वर गेली. मार्च २०२४ मध्ये आयोगाने ती १०० आणि २० मेगाबिट केली. भारतात २०२३ च्या सुरुवातीला किमान वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेण्यात आला.

व्याख्या बदलली की एका रात्रीत लाखो घरे ‘जोडलेली’ या रकान्यातून ‘वंचित’ या रकान्यात जातात. हा नुसता कागदाचा खेळ नव्हे. एका घरातली दोन मुले ऑनलाइन वर्गात बसली आहेत, आई घरून नोकरी करते आहे आणि आजोबांचे डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे चालू आहे, अशा घराला दहा वर्षांपूर्वीचा ‘पुरेसा’ वेग खरोखरच पुरत नाही. माहिती पाठवण्याचा वेग तर विशेष महत्त्वाचा ठरला आहे. सिनेमा पाहायला माहिती उतरवून घेता आली तरी भागते. नोकरी, शिक्षण आणि वैद्यकीय सल्ला यांसाठी आपला आवाज, चेहरा आणि कागदपत्रे पलीकडे नीट पोचावी लागतात.

तार लांब का जात नाही?

ग्रामीण अमेरिकेत इंटरनेट पहिल्यांदा आले ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. आधी डायल-अप आणि नंतर डीएसएल. तांब्यातला संकेत अंतराबरोबर क्षीण होत जातो. एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला चांगला वेग मिळतो, पण चार-पाच किलोमीटरवरच्या घरी साधे व्हिडिओचे पानही अडखळते. डोंगराळ भागात रस्ता वळणावळणाने जातो आणि तार त्याच्याच कडेने जाते. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारे घर तारेच्या हिशोबाने फार लांब पडते. केबल टीव्हीची तार गावठाणापुरतीच असते. मनोऱ्यावरून बिनतारी इंटरनेट घ्यायचे, तर मनोरा आणि घर यांच्यामध्ये डोंगर वा दाट झाडी असून चालत नाही.

जुने उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून फिरत. त्यांची सेवा कुठेही मिळे. मात्र प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे आणि महिन्याला ठरावीक माहितीची मर्यादा असे. बोलता बोलता होणारी ही खोळंबाखोळंबी व्हिडिओ कॉलला मारक ठरते.

फायबरचे तसे नाही. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते. एका केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरपर्यंत, वाटेत कुठेही विजेवरचे यंत्र न बसवता ती पोचते. तार एकदा टाकली की पुढे वेग वाढवण्यासाठी बहुधा दोन टोकांची यंत्रेच बदलावी लागतात. अडचण आहे ती खर्चाची, आणि त्या खर्चातही काचेचा वाटा लहान. पैसा जातो तो मजुरीत, खांबांत, खडकात चर खणण्यात आणि परवानग्या मिळवण्यात.

हा खर्च तारेच्या लांबीवर ठरतो आणि उत्पन्न ग्राहकांच्या संख्येवर. मुंबईतल्या एका उंच इमारतीत शंभर घरे काहीशे मीटर तारेत जोडता येतात. जॅक्सन आणि आउझलीत सुमारे १,६०० किलोमीटर तार टाकावी लागली आणि ग्राहक होते सात हजारांच्या आसपास. म्हणजे एका किलोमीटरमागे जेमतेम चार-पाच. भागधारकांना दर तिमाहीला नफा दाखवावा लागणारी कंपनी असा हिशोब पाहून मागे फिरते. तिच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा नसतो. मात्र तिच्या हिशोबात न बसणारी घरे मग वर्षानुवर्षे तशीच राहतात.

विजेपासून फोनपर्यंत: जुनी वाट

विरळ वस्तीकडे कंपन्यांनी पाठ फिरवण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी सुमारे नऊ घरांत वीज नव्हती. खेड्यात तारा ओढणे परवडत नाही, असे तेव्हा खासगी वीज कंपन्यांचे म्हणणे होते. मे १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले आणि पुढच्या वर्षी त्याला कायद्याचा आधार मिळाला. या खात्याने स्वतः वीज विकली नाही. त्याने अल्प व्याजाची आणि दीर्घ मुदतीची कर्जे दिली आणि ती घेण्यासाठी शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या. पुढच्या दोन दशकांत ग्रामीण अमेरिकेतला बहुतेक सगळा अंधार हटला.

टेलिफोनची कथाही अशीच आहे. १९२० मध्ये सुमारे ३९ टक्के अमेरिकी शेतघरांत फोन होता. महामंदीच्या काळात लोकांना बिल भरणे झेपेना, जुन्या तारांची दुरुस्ती होईना आणि १९४० पर्यंत हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत घसरले. एकदा मिळालेली सोय हातची जाऊ शकते, हे त्या पिढीने अनुभवले. ऑक्टोबर १९४९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण कायद्यात दुरुस्ती झाली आणि टेलिफोनसाठीही तशीच कर्जे मिळू लागली. पुढच्याच वर्षी मॅकीची ही टेलिफोन सहकारी संस्था उभी राहिली. दोन्ही काउंट्यांतले ग्राहक हेच तिचे सभासद आणि मालक. एका सभासदाला एक मत, संचालक मंडळ निवडणुकीने ठरणार आणि शिल्लक राहिलेला पैसा एकतर जाळ्यात गुंतवायचा किंवा सभासदांकडे परत जाणार, ही अशा संस्थांची रीत आहे.

महाराष्ट्राला ही रचना परकी नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच सुमारास सुरू झाला. वीज सहकाराचा तर थेट संबंध आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतात प्रायोगिक तत्त्वावर पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था काढण्यात आल्या. त्यांची आखणी अमेरिकी मदतीने आणि तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या महासंघाच्या सल्ल्याने झाली होती. त्यांतली एक म्हणजे श्रीरामपूर, राहुरी परिसरात वीज पुरवणारी मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी. थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये तिचे वीजवितरण महावितरणकडे गेले. सहकाराचे नाव लावल्याने संस्था आपोआप टिकत नाही, हे त्यातून दिसले. वसुली, हिशोब आणि दीर्घकाळ सांभाळलेली शिस्त यांवरच ती टिकते.

पाच वर्षांत बदललेली तार

२००८ च्या सुमारास मॅकीच्या संस्थेपुढे प्रश्न उभा राहिला तो जुन्या तांब्याच्या जाळ्याचा. ते दुरुस्त करत राहायचे की मुळापासून बदलायचे? व्यवस्थापक कीथ गॅबर्ड आणि संचालक मंडळाने सगळे जाळे फायबरचे करायचे ठरवले. त्याच वेळी देश आर्थिक मंदीत सापडला होता आणि फेब्रुवारी २००९ च्या उभारी कायद्यात ब्रॉडबँडसाठी ७२० कोटी डॉलर ठेवण्यात आले होते. त्यातले सुमारे २५० कोटी डॉलर शेती खात्याच्या ग्रामीण सेवा विभागाकडे आले. हा विभाग म्हणजे रूझवेल्ट यांच्या काळातल्या त्या विद्युतीकरण प्रशासनाचाच वारस. विजेच्या आणि फोनच्या कर्जांचा सात दशकांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, तर मॅकीच्या संस्थेकडे कर्ज फेडल्याचा इतिहास होता. अनुदान आणि कर्ज मिळून पैसा उभा राहिला. संपूर्ण प्रकल्पाला सुमारे ५ कोटी डॉलर लागले. एका ग्राहकामागे हा खर्च ढोबळमानाने सात हजार डॉलर पडतो.

तार मुख्यतः खांबांवरूनच नेली गेली. जिथे शिडीची गाडी पोचत नव्हती, अशा चढणींवर आणि दाट झाडीत ‘ओल्ड बब’ नावाच्या खेचराकडून ती ओढून घेण्यात आली. डोंगरातल्या कामाला तेच सोयीचे पडले. २०१४ मध्ये जाळे पूर्ण झाले आणि त्यानंतर लवकरच संस्थेने सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे १,००० मेगाबिट वेगाची सेवा देऊ केली.

याच काळात मोठ्या कंपन्यांच्या क्षेत्रात काय चालले होते, ते पाहण्यासारखे आहे. दूरसंचार बिलांवरील आकारातून अमेरिकेत एक सार्वत्रिक सेवा निधी उभा राहतो. २०१५ पासून त्यातून दहा मोठ्या कंपन्यांना ग्रामीण भागासाठी वर्षाला सुमारे १५० कोटी डॉलर, अशी सहा वर्षे मदत मंजूर झाली. त्यांच्यावर अट होती ती १० आणि १ मेगाबिट वेगाची. त्याच वर्षाच्या जानेवारीत आयोगाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५ आणि ३ मेगाबिट केली होती. म्हणजे सरकारच्याच व्याख्येत ब्रॉडबँड न ठरणाऱ्या सेवेवर शेकडो कोटी डॉलर खर्च झाले. अनेक ठिकाणी त्या पैशातून जुन्या तांब्याचीच डागडुजी झाली. ग्रामीण भागासाठी पैसा दोन्हीकडे गेला. एकीकडे पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे जाळे उभे राहिले, तर दुसरीकडे ठरवून दिलेली किमान अट पूर्ण झाली. संस्थेचे मालक त्याच घळींत राहणारे होते. किमान अटीवर थांबून त्यांचे भागले नसते.

तार आल्यावर काय झाले?

नोकऱ्यांच्या बाबतीत सर्वांत ठळक बदल झाला. पूर्व केंटकीत रोजगाराचे काम करणाऱ्या एका ना-नफा संस्थेने ‘टेलिवर्क्स यूएसए’ नावाचा उपक्रम चालवला आहे. त्याचे एक केंद्र जॅक्सन काउंटीतल्या ॲनव्हिल या वस्तीत उघडले. तिथे लोकांना घरबसल्या ग्राहकसेवेची कामे करण्याचे प्रशिक्षण मिळते आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांशी त्यांची गाठ घालून दिली जाते. शेकडो लोकांना अशी कामे मिळाली. या नोकऱ्यांचा पगार फार मोठा नाही. पण जिथे कामासाठी तासन्‌तास गाडी चालवावी लागे किंवा गावच सोडावे लागे, तिथे घरी राहून महिन्याला ठरलेले उत्पन्न मिळणे ही मोठी गोष्ट होती. वृद्ध आईवडिलांची काळजी घेणाऱ्यांना आणि अपंगत्वामुळे बाहेर पडणे कठीण असलेल्यांना तिचा विशेष उपयोग झाला.

आरोग्यसेवेतही फरक पडला. या भागात माजी सैनिकांची संख्या लक्षणीय आहे आणि त्यांच्यासाठीचे मोठे रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर लेक्सिंग्टन शहरात आहे. जॅक्सन काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात ‘व्हर्च्युअल लिव्हिंग रूम’ नावाची खोली तयार करण्यात आली. तिथे बसून माजी सैनिकांना एकांतात डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येते. घरी संगणक नसला तरी चालते.

शाळांना फायदा झाला तो हिवाळ्यात. बर्फ पडले की डोंगरातले रस्ते बसगाड्यांसाठी धोक्याचे होतात आणि शाळा अनेक दिवस बंद ठेवाव्या लागतात. अशा दिवशी घरूनच अभ्यास चालू ठेवण्याची योजना केंटकीने सुरू केली. ती आधी अवलंबणाऱ्या मोजक्या शालेय विभागांत आउझली होता. पुढे २०२० मध्ये करोनामुळे राज्यातल्या सगळ्याच शाळांना हा मार्ग धरावा लागला. ज्यांच्या घरी तार होती त्यांचा अभ्यास चालू राहिला. इतर काउंट्यांतल्या मुलांना शाळेच्या वा ग्रंथालयाच्या आवारात गाडीत बसून वायफाय पकडावे लागले.

तरीही गरिबी हटली, असे म्हणता येणार नाही. दोन्ही काउंट्या आजही राज्यातल्या गरीब काउंट्यांतच मोडतात आणि २०२० च्या जनगणनेत दोन्हींची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमीच भरली. फायबरने कारखाने आणले नाहीत. बाहेरचे काम गावात येण्याची वाट त्याने उघडी केली आणि ज्यांना राहायचे होते त्यांना राहणे शक्य केले.

नकाशावर जोडलेली, घरात नसलेली

आसपासच्या अनेक काउंट्यांची स्थिती एवढी चांगली नव्हती आणि ती किती वाईट आहे हेही बराच काळ कळत नव्हते. कंपन्यांनी आयोगाकडे भरायच्या जुन्या तक्त्यात माहिती जनगणनेच्या सर्वांत लहान गटानुसार द्यावी लागे. त्या गटात एका घराला सेवा असली किंवा ती देता येण्याजोगी असली, तरी अख्खा गट जोडलेला धरला जाई. शहरात असा गट म्हणजे एक चौक. ग्रामीण भागात तो कित्येक चौरस किलोमीटरचा असू शकतो. मुख्य रस्त्यावरच्या एका दुकानामुळे मागच्या डोंगरातली सगळी घरे नकाशावर जोडली जात. आणि ती जोडलेली दिसल्यामुळे अनुदानाला अपात्रही ठरत. आयोगाच्या २०१९ च्या अहवालाच्या मसुद्यात तर एका लहान कंपनीने प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त भाग आपल्या सेवेत दाखवला होता. ती चूक बाहेरच्या एका संस्थेने दाखवून दिली, तेव्हा आकडे सुधारले. त्या अहवालानुसार २ कोटी १३ लाख लोक ब्रॉडबँडविना होते. स्वतंत्र अभ्यासांनी ही संख्या याहून बरीच मोठी असल्याचे सांगितले.

मार्च २०२० मध्ये यासाठी नवा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा राष्ट्रीय नकाशा आला. त्यात प्रत्येक घराची आणि इमारतीची वेगळी नोंद आहे. आपल्या पत्त्यावर दाखवलेली सेवा प्रत्यक्षात मिळत नसेल, तर नागरिकाला तिथे हरकत नोंदवता येते.

केंटकी राज्याने स्वतःही एक मोठा प्रयत्न केला. ‘केंटकीवायर्ड’ या प्रकल्पात १२० काउंट्यांना जोडणारे सुमारे ४,८०० किलोमीटरचे फायबर टाकायचे होते. खांब वापरण्याच्या परवानग्या वेळेवर मिळाल्या नाहीत, काम वर्षानुवर्षे लांबले आणि राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये तीस वर्षांचा एकूण खर्च सुमारे १५० कोटी डॉलरवर जाईल असे दाखवून दिले. शिवाय हे जाळे काउंटीच्या मुख्यालयापर्यंत, सरकारी कार्यालयांपर्यंत आणि महाविद्यालयांपर्यंत जाते. तिथून घराघरात तार नेणारी स्थानिक संस्था असेल, तरच त्याचा लोकांना उपयोग होतो. भारतातही हाच अनुभव आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत जोडणी गेली. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून वाडीतल्या घरापर्यंतचे अंतर वेगळे पार करावे लागते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत म्हणूनच देखभालीवर आणि स्थानिक उद्योजकांमार्फत घरोघरी जोडणी देण्यावर भर आहे.

परवडणे आणि वापरता येणे

दारातून तार गेली म्हणजे घर जोडले गेले असे होत नाही. जोडणीचे महिन्याचे बिल पन्नास-साठ डॉलर असले, तर गरीब कुटुंबाला ते किराणा आणि औषधांच्या खर्चाशेजारी मांडून पाहावे लागते. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या संघीय योजनेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात महिन्याला ३० डॉलरपर्यंत सूट मिळू लागली. सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबांनी तिचा लाभ घेतला. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) पुढचा निधी मंजूर न केल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि १ जूनला योजना संपली. तार तशीच राहिली आणि अनेक कुटुंबांसमोर वेग कमी करायचा की जोडणीच सोडायची, असा प्रश्न उभा राहिला.

कौशल्याचाही प्रश्न तितकाच खरा आहे. अर्ज भरणे, फसवे संदेश ओळखणे, डॉक्टरांची वेळ घेणे हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते. जॅक्सनमध्ये ग्रंथालय, टेलिवर्क्सचे केंद्र आणि शाळा यांनी ते काम उचलले. तारेबरोबर अशा जागा नसत्या, तर तिचा मुख्य उपयोग करमणुकीपुरताच राहिला असता.

पुढचा टप्पा

नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात अमेरिकेने ब्रॉडबँडसाठी सुमारे ६,५०० कोटी डॉलर ठेवले. त्यातला सर्वांत मोठा भाग, ४,२४५ कोटी डॉलर, राज्यांमार्फत नवे जाळे उभारण्यासाठी आहे. केंटकीच्या वाट्याला सुमारे १०९ कोटी डॉलर आले. सुरुवातीच्या नियमांत फायबरला प्राधान्य होते. जून २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने ते काढून टाकले. बिनतारी आणि उपग्रह सेवांनाही समान पातळीवर स्पर्धा करता येईल आणि कमी खर्चाच्या प्रस्तावाला अधिक वजन मिळेल, असे ठरले.

यामागे कमी उंचीवरच्या उपग्रहांची झपाट्याने झालेली वाढ आहे. स्टारलिंक या सेवेचे उपग्रह काहीशे किलोमीटरवरूनच फिरतात, त्यामुळे जुन्या उपग्रहांसारखा विलंब त्यांत जाणवत नाही. डोंगरमाथ्यावरच्या एकट्या घराला, जिथे तार नेणे खरोखरच अवाजवी खर्चाचे आहे, ही सेवा मोठाच आधार ठरली आहे. तिला मर्यादाही आहेत. आकाश मोकळे दिसावे लागते आणि अ‍ॅपलाचियाच्या घळींत दाट झाडीमुळे ते नेहमी दिसत नाही. एका परिसरात ग्राहक वाढले की वेग वाटून घ्यावा लागतो. उपग्रह काही वर्षांनी बदलावे लागतात, तर तार दशकानुदशके टिकते. कमी खर्चाचा पर्याय ठरवताना आजचा खर्च मोजायचा की तीस वर्षांचा, हा या वादाचा गाभा आहे.

सहकाराची वाट आता इतर राज्यांतही रुंदावली आहे. मिसिसिपीत वीज सहकारी संस्थांना इंटरनेट देण्याची मुभा नव्हती. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि तिथल्या बहुतेक वीज सहकारी संस्था फायबरच्या कामाला लागल्या. त्यांच्याकडे खांब होते, दुरुस्तीची माणसे होती आणि घरोघरी ओळखीचे सभासद होते.

जॅक्सन आणि आउझलीच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. डोंगर, विरळ वस्ती आणि गरिबी या अडचणी खऱ्या असल्या, तरी फायबर रोखण्याइतक्या मोठ्या नाहीत. त्यांवर मात करायला चार गोष्टी एकत्र याव्या लागल्या: दीर्घ मुदतीचे सार्वजनिक कर्ज आणि अनुदान, फेडीची शिस्त असलेली स्थानिक संस्था, किमान अटीवर न थांबता पुढच्या पिढीचा विचार करणारे संचालक आणि तारेचा उपयोग शिकवणाऱ्या सार्वजनिक जागा. यांतली एक जरी कमी असली तरी काय होते, ते केंटकीवायर्डच्या लांबलेल्या कामात, बंद पडलेल्या सवलत योजनेत आणि मुळा-प्रवराच्या थकबाकीत दिसते. पैसा आणि तंत्रज्ञान सरकारला व कंपन्यांना पुरवता येते. शेवटच्या घराची जबाबदारी मात्र त्या घराला उत्तर देणे भाग असलेल्या संस्थेवर सोपवली, तरच तार तिथपर्यंत जाते आणि पुढेही चालू राहते.